सॅम्पलचं घर

१

आमच्या लाईनीतलं कोपऱ्यावरचं घर माझ्या हातून विकलं गेलं, हे मी आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणी म्हणेल, द्वारकाबाईला नसत्या उठाठेवी फार. म्हणू देत. चांगल्या माणसांना चांगलं घर मिळवून दिलं याचा मला अभिमान आहे आणि तो आजही आहे.

मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं, जिथं आधी ज्वारीचं रान होतं, तिथं आमची रो-हाऊसची लाईन उभी राहिली. सगळ्यात आधी राहायला आलो आम्ही. मी सोयगावची, शाळा सातवीपर्यंत. आमचे नानासाहेब नोकरीतून रिटायर झालेले, जेवण झालं की कूलरसमोर आडवे. पोरगा पुण्याला. मग दुपारभर मी काय करायचं? ओट्यावर बसायचं, काहीतरी निवडायचं आणि कोण आलं कोण गेलं ते बघायचं.

बिल्डरचा माणूस होता गोकुळ. त्यानं आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं कोपऱ्यावरचं घर सॅम्पल म्हणून सजवलं आणि चावी माझ्याकडं ठेवली. "मावशी, कुणी बघायला आलं तर तेवढं दाखवा. मी येतोच मागून." तो कधीच मागून आला नाही. सगळ्या लाईनीतली घरं मीच दाखवली म्हणा ना.

घर बघायला आलेला माणूस कसा वागतो ते माझ्याकडून ऐका. पुरुष आल्या आल्या बोटाच्या पेरानं भिंत वाजवतो, त्यातलं त्याला काही कळत नसलं तरी. बाई आधी नळ सोडते, मग खिडकी उघडते, लावते, परत उघडते. एखादा टेप घेऊन आलेला असतो, तो पलंगाची जागा मोजतो. बटणं सगळेच दाबून बघतात. आणि विचारतात काय, तर पाणी किती दिवसाला येतं. मी कधी खोटं सांगितलं नाही. आठवड्याला येतं, कधी त्याहून उशिरा, टाकी जपून वापरावी लागते.

एवढं झालं की मी त्यांना हॉलमध्ये बसवायची. गोकुळनं भिंतीकडेनं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. माझ्या घरून माठातलं पाणी आणायची. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी न देता कसलं घर दाखवायचं? प्रत्येकाला म्हणायची, "बसा निवांत. आपलंच घर समजा."

आणि ते समजायचे. बसल्या बसल्या छताकडं, कोपऱ्यांकडं बघत राहायचे. कुणी म्हणायचं इथं देव ठेवू, कुणी म्हणायचं आजोबांची कॉट खिडकीखाली. घटकाभर ते घर त्यांचं झालेलं असायचं, मला ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. मग उठून जायचे. कुणाचं कर्ज मंजूर व्हायचं नाही, कुणाच्या भावाला पसंत पडायचं नाही, कुणी गारखेड्यात फ्लॅट बघायचं. सॅम्पल बघून लोकांनी बाकीची घरं घेतली, सॅम्पल तेवढं मागं राहिलं. बरीच वर्षं राहिलं.

२

मग आले धम्मपाल आणि विशाखा. तो शेंद्र्याला कंपनीत, ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. सोबत धम्मपालची आई चंपाबाई. आयुष्यभर गारखेड्यातल्या बंगल्यांमध्ये धुणीभांडी करून बाईनं पोराला शिकवलं. नवरा, सर्जेराव, लवकर गेला. जन्म सगळा भाड्याच्या खोल्यांत.

"मावशी, आमच्या सात पिढ्यांत पहिलं घर आहे हे," धम्मपाल मला म्हणाला. सॅम्पल म्हणून गोकुळ द्यायला का-कू करत होता. मीच त्याला फोनवर झापलं. "किती वर्षं नमुना म्हणून ठेवणार रे? नमुन्याला कधी दिवा लागायचा का नाही?" दिलं मग त्यानं.

गृहप्रवेशाला आमची सगळी लाईन होती. भन्तेजी आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत सगळे बसले, त्रिशरण-पंचशील झालं. खीर मी ढवळली. आणि दाराशेजारी पाटी लागली, काळ्या दगडावर पांढरी अक्षरं: चंपाबाई सर्जेराव साळवे. पोरानं घर आईच्या नावावर केलं होतं. चंपाबाईंना वाचता येत नाही. त्या अक्षरांवरनं नुसता हात फिरवत होत्या. सगळ्या बायकांनी पदर डोळ्याला लावला. मीही.

"द्वारकाताई," त्या मला म्हणाल्या, "आता माझ्या दारातनं कुणी तहानेलं जायचं नाय."

३

पहिली गोष्ट खटकली ती पाण्याची.

नळाची पाळी आली की आमच्या लाईनीत सगळ्यांच्या टाक्या भरतात आणि जपून वापरलं तर पुढच्या पाळीपर्यंत पुरतात. साळव्यांकडं माणसं तीन, त्यातली दोन दिवसभर बाहेर. तरी त्यांची टाकी मध्येच कोरडी पडायची. विशाखा बादली घेऊन माझ्या दारात उभी, खाली मान घालून.

"काय गं, शेती करता का गच्चीवर?"

"नाही हो मावशी. मलाच कळंना कुठं जातंय."

प्लंबर बोलावला. नानासाहेब स्वतः शिडी लावून वर चढले, टाकीत डोकं घालून आले. "टाकी ठणठणीत आहे. कॉक पण नवा आहे. वापर आहे, दुसरं काय."

वापर कसला, ते विचारायला मी चंपाबाईंकडं गेले. त्या ओट्यावर स्टीलचे ग्लास पालथे घालत होत्या. ग्लासांची ही रांग. घरात लग्नकार्य असावं तशी.

"एवढे ग्लास कुणाला लागले?"

"माणसं येत्यात की."

"कोणती माणसं?"

"घर बघाया येत्यात. उनाताणाचे येत्यात, पाणी नको द्याया?"

मी हसले. म्हटलं, "चंपाबाई, घर विकून झालं. आता कोण येतंय बघायला?"

"ते म्या कसं सांगू? तुमच्याच वळखीचे असत्याल." त्यांनी पुढचा ग्लास पुसला. "लई गरीब माणसं हायेत. बसत्यात, बघत्यात, जात्यात."

आता एक सांगते. मी दुपारभर ओट्यावर असते. कुरिअरवाला दोन घरं चुकला तरी मला ठाऊक असतं. त्या दारात एक मांजर गेलं नव्हतं.

४

म्हातारपण, एकटेपण, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. मग आवाज यायला लागले.

आमची आणि त्यांची भिंत एकच. एका दुपारी तूर निवडत घरात बसले होते. भिंतीतून टकटक आली, बोटाच्या पेरानं वाजवावी तशी. एक इथं, एक जरा पुढं, एक खाली. मग बटणं, खट् खट् खट्. मग सर्रकन् काहीतरी मागं गेलं आणि टक् झालं. टेप सुटून डबीत गेल्यावर होतो तसला आवाज. नानासाहेबांना हलवलं.

"ऊन लागून पाइप वाजतात," ते डोळे न उघडता म्हणाले. "झोप."

पटण्यासारखं होतं. मीही पटवून घेतलं. चंपाबाई साफसफाई करत असतील, कपाट सरकवत असतील. दोन-चार दुपारी असंच म्हणून काढल्या. आणि मग एक दिवस चंपाबाई माझ्याच ओट्यावर बसल्या होत्या, माझ्यासोबत वाती वळत, आणि त्यांच्या घराला बाहेरून कुलूप होतं. आतून खिडकी उघडल्याचा आवाज आला. लावल्याचा. परत उघडल्याचा.

माझ्या हातातली वात तशीच राहिली.

"आले जणू," चंपाबाई म्हणाल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, कमरेची किल्ली काढली. "त्या खिडकीवाल्या बाईला चैन नसतं. तिला वाटतं वारा येत नाय."

"कशी दिसते ती?"

"गोरीपान. खांद्याला कापडी पिशवी. मास्तरीण वाटती. डाव्या हाताला भाजल्याचा डाग हाय बघा, कोपरापाशी."

ती लीलाबाई. गारखेड्याची शाळामास्तरीण. गोकुळच्या वेळी आली होती, एकदा नाही, तीनदा. खिडकी उघडायची, लावायची. शेवटी तिच्या मालकानं दुसरीकडं फ्लॅट घेतला. चंपाबाईंनी तिला कधी पाहिलेलं असायचं कारण नव्हतं.

पहिला विचार मनात आला तो वाईटच. बाई गेली बिचारी, असा. पण पुढच्या आठवड्यात मी गारखेड्यात डाळ आणायला गेले तर दुकानात समोर लीलाबाई. धडधाकट, उलट अंगानं भरलेली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. नव्या फ्लॅटची चौकशी केली.

"छान आहे हो मावशी. सगळं छान आहे." मग जरा थांबली, हसली. "वेडेपणा आहे, पण सांगू का? दुपारी शाळेत खुर्चीवर डोळा लागला ना, की मला तुमच्याकडचं ते कोपऱ्यावरचं घर दिसतं. त्या हॉलमध्ये बसलेली असते मी. आधी तुम्ही पाणी आणून द्यायच्या. आता कुणीतरी दुसरी आजी देते."

मी डाळ काउंटरवर विसरून रिक्षात बसले.

५

हे कुणाला बोलणार? नानासाहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच डॉक्टरकडं नेलं असतं. तेवढ्यात एका रविवारी धम्मपाल आणि विशाखाच माझ्याकडं आले. दोघांची तोंडं उतरलेली.

"आई हवेशी बोलते, मावशी," धम्मपाल म्हणाला. "काल मी लवकर आलो तर हॉलमध्ये ट्रे घेऊन उभी. खुर्च्या रिकाम्या, आणि ही म्हणतेय, घ्या ना, लाजू नका."

"हवेशी बोलते तर टाकी कशी रिकामी होते?" मी म्हटलं.

"मोरीत ओतत असेल. दुसरं काय?" तो म्हणाला, पण विशाखानं त्याच्याकडं पाहिलं नाही.

त्यांचं ठरत आलं होतं. चंपाबाईंना पैठणला थोरल्या लेकीकडं ठेवायचं आणि घर भाड्यानं देऊन आपण कंपनीजवळ खोली घ्यायची. दोघंही कामाला जाणारे, असल्या अवस्थेत आईला दिवसभर एकटं कसं सोडणार? पोराचं चुकत होतं असं मला म्हणता येईना.

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं." त्यानं कपाळ चोळलं. "म्हणाली, माझ्या नावाचा दगड भिंतीत बसवला आणि मला उपटतो व्हय रे? तेव्हापासून जेवली नाही."

विशाखा म्हणाली, "मावशी, आईंचा तुमच्यावर विश्वास आहे. आमचाही आहे. एक दुपार त्यांच्याजवळ बसा. कुणी येतं का नाही, तेवढं आम्हाला सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

म्हणजे माझ्या एका शब्दावर आलं. कुणी येत नाही म्हणाले तर चंपाबाई डोक्यानं गेल्या, पैठणला रवाना. कुणी येतं म्हणाले तर ही पोरं घर सोडून पळतील. कोणत्याही बाजूनं बाईचं घर जाणार होतं.

६

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर गेले. चंपाबाई नवं कोरं लुगडं नेसून बसल्या होत्या. घर कसं ठेवलं होतं म्हणून सांगू. फरशीत तोंड दिसावं. हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. समोर गोकुळच्याच त्या प्लास्टिकच्या खुर्च्या, धुऊन पुसून भिंतीकडेनं मांडलेल्या. पोरांना मी सोफेवाल्याची ओळख काढून दिली होती तरी चंपाबाईंनी खुर्च्या काढू दिल्या नव्हत्या.

"तुम्ही बसा आत कट्ट्यापाशी," त्या म्हणाल्या. "त्यांना अवघडल्यासारखं व्हतं."

स्वयंपाकघरातून हॉलची एक चीर दिसते. दाराची फट म्हणा ना. तिथं स्टुलावर बसले. रस्त्यावर ऊन पांढरं झालेलं, पंखा फिरतोय, मी मनात म्हणतेय, द्वारके, बाईच्या नादाला लागून तूही खुळी झालीस.

मग दारात चपला काढल्याचा आवाज आला. एक जोड, मग दुसरा, मग खूप. कुणी दार वाजवलं नाही, कडी हलली नाही. फरशीवर अनवाणी पावलं. टकटक झाली भिंतीवर. मोरीतला नळ सुटला, बंद झाला. एकेक खुर्ची करकरली.

मी फटीतून पाहिलं. मला तोंडं दिसली नाहीत आणि मी बघायलाही गेले नाही. मला दिसले ते गुडघे आणि गुडघ्यांवर ठेवलेले हात. ओळीनं. परक्या घरी गेल्यावर माणूस ठेवतो तसे. एका हाताला कोपरापाशी डाग होता. चंपाबाई ट्रे घेऊन पुढं गेल्या. ग्लास उचलले गेले, आणि परत आले ते रिकामे.

त्या आत येऊन माझ्याशेजारी परत ग्लास भरू लागल्या.

"ती बघा," त्यांनी हळूच हनुवटीनं दाखवलं. "दारातली. रोज येती. लई म्हणते बस, पण बसत नाय."

उंबऱ्याच्या आत एक बाई उभी होती, पाठमोरी. हिरवं विटकं लुगडं. चपला पायात नाहीत, बाहेरही काढलेल्या नाहीत, हातात धरलेल्या, अंगाशी. तशा चपला हातात धरून उभी राहिलेली एकच बाई मी त्या घरात पाहिली होती. धम्मपाल पहिल्यांदा घर बघायला आला त्या दिवशी. सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या आईलाही म्हटलं, बसा, आपलंच घर समजा. तर म्हणाल्या, नाय ताई, मी बरी हाय इथं.

बाई जराशी वळली. गालाचं हाड दिसलं, कानातली कुडी दिसली. मी शेजारी पाहिलं. तेच हाड, तीच कुडी.

"चंपाबाई," मी म्हटलं, "ओळखता का तिला?"

"न वळखायला काय झालं?" त्यांनी ग्लास ट्रेमध्ये ठेवला. "कामाला जायची तवापासून अशीच. हयात गेली दारात उभी राहून."

ट्रे घेऊन त्या तिच्यापाशी गेल्या. पोरीशी बोलावं तसं बोलल्या. "बस गं बाई. कुणी उठवणार नाय तुला."

ती बसली नाही.

७

संध्याकाळी धम्मपाल गाडी लावून सरळ माझ्या ओट्यावर आला. मागं विशाखा. आणि त्यांच्या दारात, पाटीला हात लावून, चंपाबाई. माझ्याकडं बघत नव्हत्या. रस्त्याकडं बघत होत्या.

"मावशी, कुणी आलं होतं का?"

"आलं होतं की," मी म्हटलं. "मीच पाठवते बायकांना. पलीकडच्या लाईनीतल्या, ओळखीच्या, कुणी कुणी. तुझ्या आईला करमत नाही म्हणून. पाणी पितात, बसतात, जातात. तू आलास त्या दिवशी नुकत्याच उठून गेल्या होत्या, त्यांच्यामागं बोलत असतील बिचाऱ्या."

"आणि आवाज?" विशाखानं विचारलं.

"पाइप वाजतात गं उन्हानं. नानासाहेबांना विचार."

धम्मपालनं एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या सुपातली टरफलं उडाली. "मग मला सांगायचं ना मावशी. मी काय काय समजून बसलो." तो जाऊन आईच्या पाया पडला. चंपाबाईंनी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि त्या रात्री पोटभर जेवल्या. एका बाईचं घर राहिलं. खोटं बोलल्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

बायका पाठवते असं बोलून बसले होते, ते निभवायला मीच रोज दुपारी जाऊ लागले. पाणी पुरेना तेव्हा माझ्या टाकीतून पाइप टाकून दिला. चंपाबाई भरायच्या, मी विसळायची. सवय होते माणसाला. फटीतून बघायचं मी सोडून दिलं, गुडघे काय बघायचे. चंपाबाई रोज दारातल्या त्या बाईपाशी जाऊन यायच्या, आणि परत येऊन नुसती मान हलवायच्या.

परवा त्या परत आल्या त्या उजळलेल्या तोंडानं.

"बसली," म्हणाल्या.

मी पाहिलं. खिडकीजवळच्या खुर्चीत, टेकून नाही, अगदी कडेला, पण बसली होती. चपला खाली ठेवलेल्या. हात गुडघ्यावर. बाकीच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या होत गेल्या, ती मात्र उठली नाही. ऊन कलत आलं तरी उठली नाही. आता सरकून नीट पाठ टेकून बसली.

बाहेर गाडी थांबली. त्या दिवशी दोघं लवकर आले होते. मी चंपाबाईंना म्हणणार होते, जा, पुढं व्हा. त्यांनी माझं मनगट धरलं.

"आई," धम्मपालनं दारातून हाक मारली.

"आले का रे बाळांनो," हॉलमधून उत्तर आलं.

चंपाबाई माझ्याशेजारी कट्ट्याला टेकून उभ्या होत्या. ओठ मिटलेले. डोळ्यांत असं काही होतं, जणू लेक पहिल्यांदा स्टेजवर बोलायला उभी राहावी आणि आईनं मागून बघावं.

"बोलू द्या तिला," त्या कुजबुजल्या. "आपल्या घरात बसून बोलतीय."

बाहेर धम्मपाल बूट काढता काढता काहीतरी सांगत होता, आणि खुर्चीतली हसत होती, मोठ्यानं, मोकळी. असं हसताना चंपाबाईंना मी कधी ऐकलं नव्हतं. विशाखा डबा ठेवायला आत आली. चंपाबाई उभ्या होत्या तिथूनच तिनं हात पुढं घालून डबा कट्ट्यावर ठेवला, अंग न चोरता, वाटेत कुणी नसावं तसा.

"मावशी," ती म्हणाली, "आई मस्त बाहेर बसल्यात आणि तुम्ही एकट्याच काय करताय इथं?"

"ग्लास विसळतेय गं," मी म्हटलं.

चंपाबाईंनी पुढचा ग्लास माझ्या हातात दिला.